स्वस्त ‘आकाश’ची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या बचत गटाची लोखंडी पेटी आम्ही तळापर्यंत रिकामी केली. जुनी पासबुकं, ठरावांच्या वह्या, शिक्क्याची वाळून गेलेली डबी, आणि सगळ्यांत खाली एका पिशवीत गुंडाळलेला सात इंची टॅबलेट. पडद्याला कोपऱ्यात तडा गेलेला. तो बघून आम्ही आधी हसलो, मग जरा गप्प झालो. रेडिओवर एखाद्या वस्तूचा इतिहास सांगा असं आम्हाला सुचवलं, तेव्हा म्हटलं, हाच सांगू.

आम्ही म्हणजे चिंचवड, भोसरी, मोशी या भागातल्या एका गटाच्या बाया. कुणी चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर काम करते, कुणी पोळीभाजी केंद्र चालवते, कुणी ब्लाउज शिवते. आम्ही काही कॉम्प्युटरच्या जाणकार नाही. पण वस्तू वापरून, तिच्यापायी भांडून आणि पुन्हा समेट करून जे कळतं, ते आम्हाला कळलेलं आहे.

आमच्या पेटीतला टॅबलेट कुठल्या कंपनीचा ते राहू द्या. त्या काळात असे बरेच निघाले होते. पण ज्याच्यामुळे ‘आपल्यालाही टॅबलेट घेता येईल’ असं आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं, तो होता ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी तो देशापुढे ठेवला. जगातला सगळ्यांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सरकारला एक नग साधारण सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्यांना तो सवलतीत त्याहून कमी किमतीत मिळणार होता. त्याच वर्षी भारतात आलेला आयपॅड अठ्ठावीस हजारांच्या आसपास होता, हे लक्षात घ्या. आमच्या घरांत तेव्हा अठ्ठावीस हजार म्हणजे चार-पाच महिन्यांचा पगार.

ही कल्पना एकाएकी आलेली नव्हती. अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. आपल्या शिक्षण मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरी २००७ मध्ये त्यातले काही लॅपटॉप आपल्या अगदी शेजारी, घाट उतरून कर्जतजवळच्या खैराट या वस्तीच्या छोट्या शाळेत पोहोचले. इकडे सरकारने ठरवलं, आपणच स्वस्त यंत्र करू. जुलै २०१० मध्ये पस्तीस डॉलरच्या यंत्राचा नमुना दाखवला गेला. काम आयआयटी राजस्थानकडे सोपवलं आणि ते बनवण्याचं कंत्राट सुनीत सिंग तुली आणि राजा सिंग तुली या भावांच्या डेटाविंड कंपनीला मिळालं.

आता त्याच्या पोटात काय होतं ते बघू. सात इंचांचा पडदा, वजन ३५० ग्रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि २ जीबी साठवण. आज यातल्या कुठल्याच आकड्याचं कौतुक वाटणार नाही. पण त्याला नेहमीच्या मोठ्या आकाराची यूएसबीची दोन तोंडं होती. म्हणजे कॉलेजमधला पेन ड्राइव्ह सरळ लागायचा, कीबोर्ड जोडता यायचा. कितीतरी महागड्या टॅबलेटला हे जमत नव्हतं. मेमरी कार्ड घालून जागा वाढवता यायची. आणि आत होतं अँड्रॉइड. गूगलने ही प्रणाली कंपन्यांना परवान्याच्या पैशाविना वापरू दिली होती. असली स्वस्त यंत्रं निघू शकली त्याचं हे एक मोठं कारण.

पडद्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण जमेची आणि खोटीची बाजू तिथे एकाच जागी दिसते. आजच्या मोबाइलचा पडदा बोटातली वीज ओळखतो, नुसता स्पर्श पुरतो. आकाशचा पडदा जुन्या पद्धतीचा होता. वर-खाली दोन पातळ थर आणि मध्ये फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि कुठे दाबलं ते यंत्राला कळतं. त्यामुळे जरा जोर लावावा लागायचा, नखाने टोचावं लागायचं. ज्यांनी महाग टॅबलेट हाताळला होता ते वैतागले. त्यांनी लिहिलं, पडदा ऐकत नाही.

आमच्या पेटीतल्या टॅबलेटचा पडदाही तसाच होता. पण आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. हार्नेसच्या लाईनवरची आमची मैत्रीण हातमोजा घालूनही तो चालवून दाखवायची. पोळीभाजीवाल्या काकू पिठाच्या हाताने, उलथन्याच्या दांड्याने आकडे टाकायच्या. नव्या मोबाइलला ओला हात चालत नाही, मोजा चालत नाही. तेव्हा पडदा वाईट होता की कुणाच्या हातासाठी वाईट होता, हाही प्रश्न आहेच.

बाकीच्या उणिवांना मात्र अशी दुसरी बाजू नाही. बॅटरी २१०० एमएएचची. दोन-तीन तासांत संपायची. कॉलेजचे तास सकाळी दहाला सुरू होत असतील तर दुपारच्या डब्याआधीच यंत्र झोपी जाणार. इंटरनेट फक्त वायफायवर, सिमकार्डची सोयच नाही. २०११ मध्ये आमच्या चाळीत, वस्तीत वायफाय कुणाकडे होतं? ज्या मुलाकडे घरी वायफाय, त्याच्याकडे बहुधा कॉम्प्युटरही होता. ज्याच्याकडे नव्हतं, त्याला हे यंत्र द्यायचं होतं. गूगलचं नेहमीचं ॲपचं दुकानही त्यात नव्हतं. शिवाय अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती मुळात फोनसाठी घडवलेली. टॅबलेटसाठीची वेगळी आवृत्ती त्याच वर्षी आली होती, पण ती या छोट्या प्रोसेसरला पेलवणारी नव्हती.

आणि सगळ्यांत मोठी उणीव, जी आकड्यांच्या तक्त्यात कधीच लिहिलेली नसते: मराठी. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीची सोय पक्की नव्हती. कुठे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे, कुठे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची, जोडाक्षरं तुटायची. आम्हाला नंतर कळलं तेव्हा नवल वाटलं, की आपल्याच पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिच्या ‘जिस्ट’ तंत्राने भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर कधीच आणल्या होत्या. म्हणजे अक्षरं उमटवण्याची विद्या घरातच होती. हाताशी आलेल्या स्वस्त यंत्रात ती उतरली नव्हती, एवढंच.

याचा आम्हाला काय फटका बसला ते सांगतो. २०१३ मध्ये गटाच्या पैशातून आम्ही एक टॅबलेट घेतला. हेतू चांगला होता. महिन्याचे हिशेब त्यावर ठेवायचे आणि उरलेल्या वेळी मुलांनी अभ्यासाला वापरायचा. मराठी लिहिता येईना, म्हणून आम्ही नावं इंग्रजी अक्षरांत टाकली. ते काम गटातल्या दोघी शिकलेल्या मुलींकडे गेलं. आमच्यातल्या एक मावशी चौथी पास. तोवर दर महिन्याला त्या वही पुढे ओढायच्या, आपल्या नावावर बोट ठेवायच्या आणि ‘शिल्लक’ या शब्दापुढचा आकडा वाचून मान हलवायच्या. टॅबलेट आला आणि त्यांचं बोट ठेवायची जागाच गेली.

चार महिन्यांनी एकसारख्या नावांच्या दोघींचे तीनशे रुपये एकमेकींच्या खात्यात पडल्याचं निघालं. चूक साधी होती, पण मावशींना वाटलं, आपल्याला दिसत नाही म्हणूनच हे झालं. त्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “वहीत मला माझं नाव दिसत होतं गं.” आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा वही काढली. आधुनिक व्हायच्या नादात गटातल्या एका बाईचा हक्क आम्ही नकळत काढून घेतला होता.

त्यातच गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असायची आणि आमची बैठक नेमकी गुरुवारी, कारण कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी. मग एक दिवस चार्जर गेला. गोल पिनचा तो चार्जर पिंपरी बाजारात मिळेना. लोकलने शिवाजीनगर, तिथून चालत बुधवार पेठेत तपकीर गल्ली. तिथल्या दुकानदाराने सांगितलं त्या किमतीत आणखी थोडे घातले असते तर जुना टॅबलेट आला असता. मग तो पेटीत गेला, तो दिवाळीपर्यंत.

इकडे आकाशचं काय झालं? चाचण्यांचे निकष काय असावेत यावरून आयआयटी राजस्थान आणि कंपनीत वाद झाला आणि काम आयआयटी मुंबईकडे आलं. तिथे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने ‘आकाश २’ तयार झाला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो आला. पहिल्यातल्या चुका त्यांनी खरोखर मनावर घेतल्या होत्या. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट, पडदा नुसत्या स्पर्शाने चालणारा आणि अँड्रॉइडची चौथी आवृत्ती, जिच्यापासून देवनागरी बरीच नीट दिसू लागली. नुसतं यंत्र वाटून भागणार नाही हे ओळखून मुंबईच्या मंडळींनी इंजिनिअरिंगच्या हजारो शिक्षकांची शिबिरं घेतली, त्यावर चालणारे प्रोग्रॅम तयार करवून घेतले. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांतही त्याचं कौतुक झालं.

तेवढ्यात बातमी आली की पहिल्या खेपेचे सुटे संच चीनमधून आले. कंपनीचं म्हणणं होतं, घाई होती म्हणून तसं केलं, शेवटची जोडणी भारतातलीच आहे. आपल्या पट्ट्यातल्या बायांना जोडणी म्हणजे काय ते सांगायला नको. सुटे भाग कुठून आले आणि स्क्रू कुणी पिळला, यातला फरक आपण रोज लाईनवर बघतो. जोडणीला कमी लेखायचं कारण नाही, पण तिला निर्मिती म्हटलं की लोकांचा विश्वास तुटतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत ही योजना गुंडाळली गेली. तोवर बाजारात चार-पाच हजारांचे टॅबलेट आणि मग स्वस्त स्मार्टफोन आले होते. आकाश टिकला नाही, पण कमी किमतीतही असं यंत्र होऊ शकतं हे त्याने सगळ्यांना दाखवलं. त्याचं हे श्रेय आम्ही नाकारणार नाही.

आमच्या भागाला ‘सगळ्यांत स्वस्त’ हा शब्द ओळखीचा आहे. जानेवारी २००८ मध्ये लाख रुपयांची नॅनो जगापुढे आली, तिचं बरंचसं काम इथेच पिंपरीत झालेलं. २०१८ मध्ये ती बंद झाली. सर्वांत स्वस्त अशी ओळख पडली हे चुकलं, असं पुढे खुद्द रतन टाटाही म्हणाले. उलट १९७२ पासून आकुर्डीत बनणारी चेतक घ्या. सुरू होईना तर तिरकी करावी लागायची. तरी लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. कारण ती कुठल्याही नाक्यावर दुरुस्त व्हायची, तिचे सुटे भाग मिळायचे आणि अख्खं कुटुंब तिच्यावर बसून जेजुरीला जाऊन यायचं. तेव्हा स्वस्त असणं वेगळं आणि परवडणं वेगळं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. मेमरी अपुरी, फोन तापतात, बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी आणि माहिती भरायचं नवं ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. चांगले मोबाइल ही २०२३ च्या संपातलीही एक मागणी होती. बातम्या ऐकताना आम्हाला आमच्या मावशी आठवल्या. दहा वर्षं गेली, यंत्र बदललं, पण वापरणारीला आधी विचारायचं मात्र राहूनच गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, उद्या तुमच्या शाळेत, गटात, वस्तीत कुणी टॅबलेट वाटायला आलं, तर फोटोला उभं राहण्याआधी चार गोष्टी विचारा. यात मराठी नीट लिहिता-वाचता येतं का? एका चार्जिंगवर किती तास चालतो? बिघडला तर पिंपरी-चाकणमध्ये कोण दुरुस्त करणार, आणि पैसे कुणाचे? आणि चौथी गोष्ट स्वतःला विचारा: घरात हा कुणाच्या हातात राहणार, मुलाच्या की मुलीच्याही?

आमचा हिशेब आता मोबाइलवर आहे, तोही मराठीत. पण वही आम्ही बंद केलेली नाही. बैठकीच्या शेवटी मावशी दोन्ही समोर घेतात, आधी मोबाइलमध्ये आपलं नाव शोधतात, मग वहीत, आणि आकडा जुळला की मान हलवतात. त्यांची मान हलल्याशिवाय आमची बैठक संपत नाही.