मोत्यांचा गालिचा नेमका कुणाचा?

१/ राजापेठेतल्या जुन्या घरातली सतरंजी कुठून आली, हे आजी असेपर्यंतच कळते. राजवाड्यातील वस्तूंना मात्र कागदपत्रे असतात. तरीही प्रश्न उरतोच. बडोद्याचा गालिचा पाहा.

२/ महाराज खंडेराव गायकवाडांनी तो १८६५ च्या सुमारास घडवून घेतला. रेशीम व हरणाच्या कातड्यावर लाखो बसरा मोती, शिवाय हिरे, माणके, पाचू. मदिनेतील प्रेषितांच्या कबरीसाठी तो योजला होता, असे परंपरा सांगते. १८७० मध्ये खंडेराव निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला.

३/ १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात तो जगाने पाहिला. पुढे महाराणी सीतादेवींसोबत तो मोनॅकोला गेला. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

४/ २००९ मध्ये दोह्यात सदबीजच्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

५/ मालकांची नावे जुळतात; हक्काचे काय? हे मोती राजाचे खासगी धन, की रयतेच्या महसुलाचे? वस्तू कुणाकडे होती एवढ्यावर थांबू नये. ती कोणत्या अधिकाराने हातोहात गेली, हेही विचारावे.