परदेशातला पैसा आणि घरातला कागद

आमच्या बचत गटांच्या गावांतून बरीच माणसं आखातात कामाला गेली आहेत. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मुलगा मस्कतला. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पैसे तर वेळेवर येतात, मग पावत्या कशाला सांभाळायच्या?" आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून सांगणार आहोत.

आज कुवेतला दिनार चालतो, दुबईला दिरहम. पण एके काळी कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत इथं आपला भारतीय रुपयाच चालत होता. मुंबईहून बोटीनं गेलेला माणूस खिशातल्या नोटेनं तिथं सामान घ्यायचा. मग अडचण आली सोन्याची. तिकडून सोनं चोरून इकडे यायचं आणि त्याचे रुपये तिकडे जायचे. ते रुपये परत आपल्याकडे आले, की बदल्यात सरकारला परकीय चलन द्यावं लागायचं. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्यांचा क्रमांक इंग्रजी 'झेड' अक्षरानं सुरू व्हायचा. हज यात्रेकरूंसाठीही निराळ्या नोटा निघाल्या. या नोटांवर रुपयेच लिहिलेले, पण आपल्या बाजारात त्या चालत नसत.

पुढे कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहारीननं १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला आपल्या सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवसापर्यंत ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. तिकडे ज्यांची बचत रुपयांत होती, त्यांच्या गाठीला तेवढ्याच नोटा राहिल्या, पण मोल घटलं. त्यानंतर कतार आणि दुबईनंही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली आणि आपल्या कोकणातून, केरळातून माणसं निघाली. पैसे घरी पाठवायला बँकेचा ड्राफ्ट होता, तशी हुंडीही होती. हुंडीत तिकडे एकाच्या हातात पैसे द्यायचे, इकडे दुसरा घरी आणून देणार. काम झटपट व्हायचं, पण ते कायद्याबाहेरचं होतं आणि हातात पावती नसायची. पैसे मधेच अडकले, तर तक्रार कुठं करणार?

कागदाची खरी किंमत १९९० मध्ये कळली. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. बँका बंद पडल्या. पुढे इराकनं कुवेती दिनार रद्दच केला. वर्षानुवर्षं साठवलेली रक्कम तिथंच अडकली. आपली माणसं बसनं, ट्रकनं बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचली. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं मायदेशी आणली. कितीतरी जण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी भरपाईसाठी आयोग नेमला. पैसा इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून यायचा होता. लोकांचे अर्ज भारत सरकारनं पाठवले. नुसतं देश सोडावा लागला म्हणून एकट्या माणसाला २५०० डॉलर ठरले होते. दुसरा कुठलाच दावा करणार नाही असं लिहून दिलं, तर ४०००. त्यासाठी त्या काळात तिथून निघाल्याचा साधा पुरावा पुरत होता. पण बुडालेला पगार, बँकेतली शिल्लक, घरातलं सामान यांची भरपाई हवी असेल, तर त्याचा वेगळा पुरावा लागायचा. नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पुस्तक. हे कागद तिकडच्या खोलीतच राहिले असतील, तर काय दाखवणार? इकडे घरी ट्रंकेत एखादी प्रत असली, तर तिचा आधार होता.

म्हणून ताई, पावती सांभाळायची. आमच्या गटांना आम्ही चार गोष्टी सांगतो. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीच्या कराराची प्रत घरी ठेवा. पैसे बँकेमार्फत किंवा परवाना असलेल्या एक्सचेंजमधूनच मागवा, आणि पाठवण्याआधी विचारायला लावा, "सगळं कापून हातात किती रुपये पडतील?" तिकडच्या कमाईसाठी बँकेत एनआरई खातं असतं, ते उघडायला सांगा. त्या खात्याला वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय, तेही विचारा. बऱ्याच घरांत हा प्रश्न विचारायला बायकांना संकोच वाटतो. आम्हालाही वाटायचा. पण घरची शेती, मुलांची फी, सासूबाईंचं औषध त्या पैशावर चालतं आणि तो हिशेब आपणच ठेवतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या माणसाचे कागद आणा. झेरॉक्स काढून, तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवू. एकीला जमलं नाही, तर दुसरी मदत करेल.