हार्ड डिस्क ओळखली न जाणे

हार्ड डिस्क ओळखली न जाणे हा संगणकातील एक दोष असून त्यात जोडलेली हार्ड डिस्क बायॉसला किंवा संचालन प्रणालीला दिसत नाही. जुन्या, म्हणजे सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हा दोष वारंवार आढळतो. डिस्क निकामी होणे हे त्याचे केवळ एक कारण आहे. सैल जोडणी, बायॉसमधील चुकीची मांडणी, संकेतशब्दाचे कुलूप किंवा अपरिचित फाइल प्रणाली यांमुळेही चांगली डिस्क दिसेनाशी होते.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक ३०५ या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने २.५ इंची डिस्क वापरली जाते. जुन्या लॅपटॉपमध्ये ती ४४ पिनांच्या आयडीई जोडणीने, तर नंतरच्या लॅपटॉपमध्ये साटा जोडणीने बसवलेली असते. साटाचे पहिले मानक २००३ साली आले. त्यात माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ पिना असतात. आयडीई आणि साटा या जोडण्या परस्परांत बसत नाहीत.

महाराष्ट्रात जुने लॅपटॉप व त्यांचे सुटे भाग यांच्या खरेदी-विक्रीसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) प्रसिद्ध आहे. असा लॅपटॉप अनेकदा डिस्क काढून किंवा बदलून विकला जातो. त्यामुळे डिस्कची जोडपट्टी, धातूची चौकट वा स्क्रू गहाळ असण्याची शक्यता असते.

कारणे

जोडणीतील दोष: काही लॅपटॉपमध्ये डिस्क व मदरबोर्ड यांच्यामध्ये चपटी रिबन केबल किंवा छोटा मधला जोडक असतो. तो नसल्यास, सैल असल्यास किंवा त्याच्या पिना वाकल्यास डिस्क दिसत नाही. चौकट नसल्यास डिस्क धक्क्याने सरकते व संपर्क तुटतो.

बायॉसची मांडणी: साटा नियंत्रक आयडीई, एएचसीआय किंवा रेड यांपैकी एका पद्धतीत चालतो. विंडोज एका पद्धतीत स्थापित करून नंतर पद्धत बदलल्यास संगणक सुरू होताना निळा पडदा दिसू शकतो. विंडोज एक्सपीमध्ये एएचसीआयचा चालक मुळात अंतर्भूत नाही. त्यामुळे डिस्क बायॉसला दिसते, पण स्थापनेच्या वेळी सापडत नाही. जुन्या लॅपटॉपमधील बायॉसची छोटी बॅटरी संपलेली असेल, तर घड्याळ मागे जाते व मांडणी मूळ स्थितीवर येते. आदल्या दिवशी चालणारा लॅपटॉप अचानक डिस्क नसल्याचा संदेश देऊ लागतो, त्यामागे हेही कारण असू शकते.

संकेतशब्दाचे कुलूप: एटीए संकेतशब्द डिस्कमध्येच साठवला जातो. त्यामुळे डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावूनही तो निघत नाही. अशी डिस्क नावाने दिसते, पण वाचता येत नाही.

फाइल प्रणाली: लिनक्सची ईएक्सटी४ किंवा अ‍ॅपलची एपीएफएस या प्रणाली विंडोज स्वतःहून वाचत नाही. अशा वेळी विंडोज डिस्क फॉरमॅट करण्याची सूचना देते. ती स्वीकारल्यास आतील माहिती गमावण्याचा धोका असतो.

यांत्रिक बिघाड: वाचन-लेखन करणारा हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतो. लॅपटॉप चालू असताना पडल्यास तो तबकडीवर आदळू शकतो. ठरावीक अंतराने येणारा टक-टक आवाज हे हेड निकामी झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी धरत नसेल, तर वीज जाताच डिस्क मध्येच बंद पडते आणि लेखन अपुरे राहून फाइल प्रणाली बिघडू शकते. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत हा धोका अधिक असतो.

निदान

निदानाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. लॅपटॉप बंद करून चार्जर व शक्य असल्यास बॅटरी काढली जाते. डिस्क बाहेर काढून पिना तपासून पुन्हा घट्ट बसवली जाते.

२. बायॉसमध्ये डिस्कचे नाव व क्षमता दिसते का, हे पाहिले जाते. दिसत असल्यास दोष बहुधा मांडणी, चालक किंवा फाइल प्रणालीत असतो. दिसत नसल्यास जोडणी, नियंत्रक किंवा डिस्क सदोष असते.

३. तीच डिस्क यूएसबी-साटा जोडकाने दुसऱ्या संगणकाला लावली जाते. तेथे ती चालल्यास दोष लॅपटॉपच्या केबलमध्ये, मांडणीत वा मदरबोर्डमध्ये असतो. यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलीअँपिअर व यूएसबी ३.० पोर्टला ९०० मिलीअँपिअर ही प्रमाणित मर्यादा असल्याने अपुऱ्या विजेमुळेही चांगली डिस्क फिरत नाही. त्यामुळे ही चाचणी दोन पोर्टांतून वीज घेणाऱ्या केबलने करणे अधिक खात्रीचे ठरते.

४. डिस्क दिसू लागल्यावर तिची स्मार्ट नोंद वाचली जाते. बदललेले सेक्टर (क्रमांक ५) आणि प्रलंबित सेक्टर (क्रमांक १९७) यांची वाढती संख्या डिस्क खराब होत असल्याचे दर्शवते. सीआरसी त्रुटींची (क्रमांक १९९) वाढ मात्र बहुधा केबलचा दोष सुचवते.

माहितीची सुरक्षितता

डिस्कमध्ये महत्त्वाची माहिती असल्यास दुरुस्तीपूर्वी तिची प्रत घेणे आवश्यक ठरते. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यूसारखी आज्ञावली वापरतात. ती सुस्थितीतील भाग आधी उतरवून घेते व खराब भागाकडे नंतर वळते. टक-टक आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केल्याने नुकसान वाढते. ती घरी उघडणेही अयोग्य आहे, कारण धुळीचा कणदेखील हेडच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. आधुनिक डिस्कच्या सर्किट बोर्डावरील रॉममध्ये त्या डिस्कपुरती जुळणीची माहिती असते. म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून डिस्क सहसा चालत नाही.

खरेदी व विल्हेवाट

जुनी डिस्क घेताना स्मार्ट नोंदीतील चालू राहिल्याचे एकूण तास (क्रमांक ९), संकेतशब्द काढलेला असणे आणि खरेदीची पावती या बाबी पाहिल्या जातात. काही बाह्य डिस्कमध्ये यूएसबी जोडणी थेट बोर्डावर असल्याने त्या लॅपटॉपच्या आत बसवता येत नाहीत. निकामी डिस्क हा ई-कचरा असून भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार त्याची विल्हेवाट अपेक्षित आहे.

हेही पहा

संगणक
बायॉस
फाइल प्रणाली
ई-कचरा