चित्रपट पारितोषिके
उत्कृष्ट चित्रपट आणि त्यांच्या निर्मितीत सहभागी झालेले कलावंत व तंत्रज्ञ यांच्या गौरवार्थ शासन, व्यावसायिक संस्था, नियतकालिके किंवा महोत्सवांचे संयोजक यांच्याकडून दिली जाणारी पदके, मानचिन्हे, प्रमाणपत्रे व रोख रकमा. ही पारितोषिके बहुधा जाहीर समारंभात दिली जातात. हा समारंभच हळूहळू मूळ निवडीपेक्षा अधिक प्रसिद्धी पावल्याने, चित्रपटाच्या खऱ्या रसिकाने अशा सोहळ्यांची कितपत दखल घ्यावी, हा प्रश्न चित्रपट-समीक्षेत वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. निवड कोणी केली, कोणत्या नियमांनी केली आणि निवडीनंतर त्या चित्रपटाचे काय झाले, या तीन गोष्टी पारितोषिकागणिक निराळ्या असल्याचे त्यांचा इतिहास पाहता दिसून येते.

अमेरिकेतील ‘अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्‌स अँड सायन्सेस’ या संस्थेची पारितोषिके (ऑस्कर) सर्वांत ख्यातनाम होत. ही संस्था १९२७ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. कामगार संघटनांना दूर ठेवून चित्रपटधंद्यातील तंटे आपापसांत मिटवावेत आणि धंद्याची प्रतिष्ठा वाढवावी, हे तिचे आरंभीचे हेतू होते. कलेचा गौरव हा त्यांच्या जोडीला आलेला हेतू. पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडमधील रूझवेल्ट हॉटेलात भोजनप्रसंगी झाला. सुमारे २७० निमंत्रित उपस्थित होते आणि पारितोषिके देण्याचे काम पंधरा मिनिटांत उरकले. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले असल्याने उत्सुकतेचे कारणच नव्हते. पुढे निकाल समारंभाच्या रात्रीपर्यंत गुप्त राखून वृत्तपत्रांना काही तास आधी कळविण्याची पद्धत पडली. परंतु १९४० मध्ये लॉस अँजेल्समधील एका वृत्तपत्राने ते समारंभापूर्वीच छापून टाकले. तेव्हापासून मोहोरबंद लिफाफा आला. आज या सोहळ्याचे जणू प्रतीक बनलेला हा लिफाफा अशा रीतीने एका फुटलेल्या बातमीतून जन्मला आहे. १९५३ मध्ये समारंभ दूरचित्रवाणीवर आला आणि त्याचे रूपांतर एका स्वतंत्र करमणुकीत झाले. २०१७ मध्ये चुकीच्या लिफाफ्यामुळे प्रथम ला ला लँड या चित्रपटाचे नाव पुकारले गेले आणि मग ते मागे घेऊन मूनलाइट विजयी असल्याचे सांगण्यात आले. मूनलाइट हा त्या वर्षातील एक अत्यंत हळुवार व संयत चित्रपट. तथापि त्याच्यापेक्षा त्या गोंधळाचीच चर्चा अधिक झाली.

निवडीच्या दृष्टीनेही या पारितोषिकांचा लौकिक निर्दोष नाही. ऑर्सन वेल्सच्या सिटिझन केन (१९४१) या चित्रपटाचा नऊ पारितोषिकांसाठी विचार झाला, पण प्रत्यक्षात केवळ पटकथेचे पारितोषिक त्याच्या वाट्यास आले. ॲल्फ्रेड हिचकॉक यास दिग्दर्शनाचे पारितोषिक एकदाही लाभले नाही. १९६८ मध्ये संस्थेने त्याचा एका विशेष सन्मानाने गौरव केला, एवढेच. मतदार हे त्याच धंद्यातील व्यावसायिक असतात. त्यांचा कौल म्हणजे त्या वर्षी धंद्याला स्वतःविषयी काय वाटत होते याची नोंद होय. त्या दृष्टीने ती मोलाची आहे. परंतु कलेच्या इतिहासाशी तिची गल्लत करणे योग्य नाही.

यूरोपातील महोत्सवांत निर्णय परीक्षक मंडळाकडे असतो. तेथे धंद्याचे दडपण कमी असले, तरी राजकारणाचे असू शकते. १९३२ मध्ये सुरू झालेल्या व्हेनिस महोत्सवात १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम (१९३६) दाखविला गेला आणि त्याची विशेष दखल घेतली गेली. दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाची आणि विष्णुपंत पागनीस यांच्या अभिनयाची ही कीर्ती मराठी माणसास अभिमानाची वाटते, ते योग्यच आहे. मात्र ज्या व्यासपीठावर ती लाभली ते निर्मळ नव्हते. त्याच वर्षी झां रन्वारच्या ग्रांद इल्यूझ्याँ या युद्धविरोधी चित्रपटास मुख्य करंडक नाकारून दुय्यम पारितोषिक देण्यात आले. परदेशी चित्रपटांसाठी असलेल्या त्या करंडकास मुसोलिनीचे नाव होते. पुढच्या वर्षी तो लेनी रीफेनश्टाल हिच्या ऑलिंपिया या जर्मन चित्रपटास मिळाला, तेव्हा असंतोष उघड झाला आणि फ्रान्सने प्रतिस्पर्धी महोत्सव म्हणून कान येथील महोत्सवाची योजना केली. १९३९ मध्ये महायुद्धामुळे तो होऊ शकला नाही. १९४६ च्या पहिल्या प्रत्यक्ष महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांना विभागून देण्यात आले. त्यांत चेतन आनंद यांचा नीचा नगर हा होता.

भारतात १९५४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर या नियतकालिकाची पारितोषिके प्रथम दिली गेली. चित्रपट-समीक्षिका क्लेअर मेंडोन्सा हिच्या स्मरणार्थ त्यांना आरंभी ‘क्लेअर’ असे नाव होते. पारितोषिके पाचच होती आणि निवड वाचकांच्या मतांवर झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५३ सालच्या चित्रपटांना शासकीय पारितोषिके देण्यात आली. तत्पूर्वी १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला होता आणि चित्रपट हा केवळ करमणूक-कराचा विषय नसून सांस्कृतिक विषय आहे, अशी दृष्टी शासनात रुजू लागली होती. ती अर्थात एकसुरी नव्हती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या ज्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने चित्रपटांना पदके दिली, त्याच मंत्रालयाच्या आकाशवाणीने १९५२ पासून चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले होते!

पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य प्र. के. अत्रे यांच्या श्यामची आई या मराठी चित्रपटास मिळाले. बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन या चित्रपटास गुणवत्ता प्रमाणपत्र देण्यात आले. फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मात्र दो बिघा जमीन यास होते आणि कान येथेही त्याचा गौरव झाला. एकाच वर्षाविषयी असे निरनिराळे कौल मिळाले. त्यांपैकी खरा कोणता हे शोधण्यापेक्षा प्रत्येकाने काय पाहिले हे समजून घेणे रसिकास अधिक लाभदायक आहे. दोन्ही चित्रपटांचा विषय दारिद्र्य हाच आहे. एकात ते आईच्या संस्कारांची कसोटी पाहते, तर दुसऱ्यात ते शेतकऱ्याला जमिनीपासून तोडून कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढावयास लावते. नवस्वतंत्र राष्ट्राच्या शासनास पहिली कहाणी अधिक जवळची वाटावी, हे स्वाभाविक होते. चित्रपटकलेच्या विकासाच्या दृष्टीने दुसरीचा प्रभाव अधिक दूरगामी ठरला, हे मान्य केल्याने वनमाला यांनी साकारलेल्या श्यामच्या आईचे महत्त्व उणे होत नाही.

पुढील वर्षापासून प्रादेशिक भाषांतील चित्रपटांसाठी स्वतंत्र पदके सुरू झाली. मराठीतील राष्ट्रपतींचे रौप्यपदक अत्रे यांच्याच महात्मा फुले (१९५४) यास मिळाले. या योजनेचे खरे महत्त्व येथे आहे. फिल्मफेअरची पारितोषिके त्या काळी हिंदी चित्रपटांपुरती होती. शासकीय पारितोषिकांनी मात्र सर्व भाषा एका पटावर आणल्या. पथेर पांचाली (बंगाली, १९५५), चेम्मीन (मलयाळम्, १९६५) आणि संस्कार (कन्नड, १९७०) यांना सुवर्णपदके मिळाली. बंगाली साहित्याची थोडीफार ओळख असलेल्या मराठी वाचकासही केरळ किंवा कर्नाटकातील चित्रपटसृष्टीचा पत्ता अशा पदकांच्या बातमीतूनच लागला. अभिनयासाठी पारितोषिके १९६७ च्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागली. पहिले मानकरी उत्तम कुमार व नर्गिस हे होत. चित्रपटसृष्टीच्या आजन्म सेवेसाठी १९६९ पासून दादासाहेब फाळके यांच्या नावाने सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला. दुर्गा खोटे (१९८३), व्ही. शांताराम (१९८५), लता मंगेशकर (१९८९) व भालजी पेंढारकर (१९९१) हे त्याचे मानकरी आहेत.

या योजनेला मर्यादाही आहेत. निर्मात्याने चित्रपट पाठविला तरच तो परीक्षकांसमोर येतो आणि केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र त्यास असावे लागते. म्हणजे शासनाला मुळातच अमान्य असलेली कृती स्पर्धेबाहेर राहते. परीक्षक मंडळ दरवर्षी नवे नेमले जात असल्याने अभिरुचीचे सातत्य राहत नाही. पारितोषिकांची नावेही राज्यकर्त्यांनुसार बदलतात : २०२२ च्या चित्रपटांसाठीच्या पारितोषिकांच्या वेळी दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाच्या पारितोषिकातून इंदिरा गांधी यांचे आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पारितोषिकातून नर्गिस दत्त यांचे नाव वगळण्यात आले. समारंभास किती महत्त्व असते याचा प्रत्यय ३ मे २०१८ रोजी विज्ञान भवनात आला. राष्ट्रपती केवळ अकरा पारितोषिके देणार व उर्वरित मंत्र्यांच्या हस्ते दिली जाणार, हे ऐनवेळी कळल्याने पन्नासांहून अधिक मानकरी समारंभास गैरहजर राहिले. रसिकाला हा मानापमान क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ध्वनिलेखक, संकलक किंवा अनुबोधपटाचा दिग्दर्शक यांची नावे प्रेक्षकांच्या कानी क्वचितच पडतात. त्यांच्या दृष्टीने राष्ट्रपतींच्या हस्ते पदक हा शब्द पाळला जाणे हाच बहुधा त्यांच्या कामाचा एकमेव जाहीर सन्मान असतो.

मराठी चित्रपटास दुसरे सुवर्णपदक मिळण्यास पन्नास वर्षे लागली. २००३ च्या चित्रपटांमधून संदीप सावंत दिग्दर्शित श्वास याची सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून निवड झाली. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेला नातू आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग दाखवू पाहणारे आजोबा, एवढाच त्याचा कथाविषय. तारांकित नट नाहीत, गीत-नृत्यांची सजावट नाही. त्या काळी मराठी चित्रपटाकडे शहरी सुशिक्षित प्रेक्षक फारसा फिरकत नसे. पदकाच्या बातमीने तो चित्रपटगृहाकडे वळला आणि नवे दिग्दर्शक व निर्माते यांनाही धीर आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे देऊळ (२०११, ब्यारी या चित्रपटासमवेत विभागून), कोर्ट (२०१४) आणि कासव (२०१६) यांना हाच मान लाभला. अवघ्या चौदा वर्षांतील ही चार सुवर्णपदके पाहता, श्वासला मिळालेला कौल हा अपवाद न राहता एका नव्या पर्वाची खूण ठरला, हे स्पष्ट होते.

श्वासच्या निमित्ताने दोन पद्धतींतील अंतरही उघड झाले. २००४ मध्ये तो ऑस्करसाठी भारताचा अधिकृत चित्रपट म्हणून पाठविण्यात आला. भारतीय परीक्षकांनी तो आपण होऊन पाहिला होता. अमेरिकेत मात्र मतदारांनी चित्रपट पाहावा यासाठीच खेळ, जाहिराती आणि प्रसिद्धिव्यवस्था यांवर पैसा खर्च करावा लागतो. तो निर्मात्यांपाशी नव्हता. म्हणून सामान्य नागरिक आणि संस्था यांनी वर्गणी गोळा केली. गणेशोत्सवाची, पूरग्रस्तांची वर्गणी महाराष्ट्रास परिचयाची होती. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी वर्गणी हा प्रकार नवा होता. अंतिम पाच चित्रपटांत श्वासची निवड झाली नाही. त्या प्रेमाविषयी आदर बाळगूनही, तोच पैसा मराठी चित्रपट खेड्यापाड्यांतील पडद्यांपर्यंत नेण्यासाठी अधिक उपयोगी पडला असता, असे म्हणावेसे वाटते.

ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची होती, हेही येथे नमूद करावयास हवे. गांधी (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथय्या (पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये) यांना जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ मध्ये हे पारितोषिक मिळाले. त्यासाठी वर्गणी जमली नव्हती. ब्रिटिश निर्मितीचा मोठा चित्रपट पाठीशी होता. आपल्या पश्चात मानचिन्हाचे जतन नीट व्हावे, या विचाराने २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतील त्या संस्थेकडेच परत सोपविले.

मानचिन्हाच्या जतनाहून चित्रपटाच्या जतनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतातील मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले असून बोलपटांच्या आरंभकाळातील अनेक कृतीही हाती लागत नाहीत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले (२०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले). पारितोषिकप्राप्त चित्रपटाची प्रत या संग्रहालयाकडे सुपूर्द करण्याची अट शासकीय योजनेत घालण्यात आली. ज्यांना वितरक मिळाला नाही असे कित्येक चित्रपट या अटीमुळे निदान एका प्रतीच्या रूपाने उरले. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविले जात. त्यांत राष्ट्रीय पारितोषिक मिळालेल्या चित्रपटांचा भरणा मोठा होता. समारंभाचे छायाचित्र वृत्तपत्रात एक दिवस छापून येई. चित्रपट मात्र अशा एखाद्या दुपारी, काही वर्षांनी, जेथे कोणतेही फिल्म सोसायटीचे मंडळ नव्हते अशा तालुक्याच्या गावीही पोहोचे.

श्यामची आई या कथेवर सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये नवा चित्रपट काढला. २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत झालेल्या समारंभात त्यास मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक देण्यात आले. सत्तर वर्षांच्या अंतराने दोन परीक्षक मंडळांनी साने गुरुजींच्या त्याच माउलीची निवड केली. मात्र ज्यांनी अत्र्यांचा चित्रपट पाहिला आहे, त्यांनाच या दुसऱ्या निवडीचे मूल्यमापन करता येईल.