व्हाइनलँडची मोजपट्टी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाचे एक लहानसे शहर आहे. त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. परंतु भारतातील जिल्हा रुग्णालयांत ज्या मुलांना बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले किंवा नाकारले गेले, त्यांतील असंख्य मुलांच्या कागदपत्रांत हे नाव आढळते. ते तेथे कसे आले, हा इतिहास प्रशासकाने जाणून घेण्याजोगा आहे.

व्हाइनलँडमध्ये मतिमंद मुलांसाठी एक निवासी शाळा होती. तेथील संशोधक हेन्री गॉडर्ड याने १९०८ साली फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणली. १९१३ साली त्याच्या साहाय्यिकांनी न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांना ती दिली. नमुना असा होता: ३५ यहुदी, २२ हंगेरियन, ५० इटालियन आणि ४५ रशियन. उघडच हुशार दिसणारे आणि उघडच मंद दिसणारे, असे दोन्ही गट आधीच वगळलेले होते. निष्कर्ष निघाला की प्रत्येक गटातील सुमारे ८० टक्के लोक मंदबुद्धी आहेत! दुभाष्यामार्फत प्रश्न विचारलेल्या, प्रवासाने थकलेल्या आणि कदाचित कधी पेन्सिलही न धरलेल्या माणसांविषयीचा हा निकाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२८ साली गॉडर्डने आपली बरीच मते मागे घेतली. पण तोवर १९२४ चा कायदा होऊन दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांसाठी अमेरिकेची दारे जवळजवळ बंद झाली होती. तो कायदा या एका अभ्यासामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. त्या वातावरणात अशा आकड्यांना भाव होता, एवढेच.

त्याच संस्थेत पुढे एडगर डॉल आला. नुसत्या बुद्ध्यंकाने माणूस कळत नाही, तो रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे हेही पाहिले पाहिजे, हा त्याचा विचार मला मोलाचा वाटतो. त्यातून १९३५ साली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी निघाली. तिच्यात ११७ बाबी होत्या आणि माहिती आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारून घ्यायची होती. मानके ठरविण्यासाठी जन्मापासून ३० वर्षांपर्यंत, प्रत्येक वयाचे १० पुरुष आणि १० स्त्रिया, अशी ६२० माणसे घेतली. ती सर्व व्हाइनलँड परिसरातील गोरी माणसे होती. सुरीने लोणी लावता येणे किंवा सांताक्लॉज खरा नसतो हे कळणे, या बाबींवर तेथील मुलाचे वय जोखणे गैर नव्हते. डॉलने आपला नमुना लपविलाही नाही. तो विसरले ते नंतर वापरणारे.

साठच्या दशकात नागपुरात ए. जे. मालिन यांनी या श्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. त्यात १५ वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी आहेत. त्याआधी धारवाडात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी मुलांसाठी बिने चाचणी बसविली होती. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली आले. दोघांचेही काम कष्टाचे आणि प्रामाणिक होते. पण नागपूर आणि धारवाड म्हणजे भारत नव्हे. जुन्या मुंबई इलाख्यातल्या बालकांवर बेतलेली चाचणी तोंडी भाषांतर करून छत्तीसगडात वा आसामात वापरली, की एलिस बेटावरचा दुभाषी पुन्हा खुर्चीत येऊन बसतो.

आता शासनाकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमता लागते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या श्रेणीवरील ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के आणि ७० ते ८४ गुणांना २५ टक्के अक्षमता ठरवून दिली. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामध्ये एका कुटुंबाचे निवृत्तिवेतन आणि शिष्यवृत्ती उभी! २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संख्या सुमारे १५ लाख होती.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेरील आदिवासी जिल्ह्यांत गेली. तेथील प्रमाणपत्र शिबिरांत मला दोन्ही बाजूंची चूक दिसे. शेळ्या राखणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी शाळेत काही केल्या अक्षर शिकत नाही. पण सामाजिक परिपक्वतेत ती इतके गुण मिळविते की प्रमाणपत्र हुकते. उलट तालुक्याच्या गावातील सुखवस्तू घरात सात वर्षांच्या नातवाला आजीच न्हाऊ घालते, भरविते. त्याचे गुण विनाकारण घसरतात. डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका दिवसात शंभर मुले तपासणाऱ्याच्या हातात जी पट्टी आहे, तीच तो लावणार.

जिल्ह्याच्या पातळीवर मानके बदलता येत नाहीत. मला एवढेच करता आले की तपासणीच्या कागदावर तीन रकाने वाढविले: घरात बोलली जाणारी भाषा, उत्तरे देणाऱ्याचे मुलाशी नाते आणि दुभाषी कोण होता. कठोर काठावरच्या, म्हणजे ६५ ते ७५ गुणांच्या मुलांना त्यांची भाषा जाणणाऱ्या कार्यकर्तीसह दुसऱ्यांदा बोलवावे, असे ठरविले. पहिल्या शिबिरानंतर कागद चाळले तेव्हा दुभाष्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: शिपाई.