निर्वासित वसाहती, मुंबई उपनगरे

फाळणीनंतर सिंध व पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांच्या मुलुंड, चेंबूर आदी ठिकाणच्या वसाहती. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर सिंधी हिंदूंचा ओघ वाढला. बोटी थेट मुंबई बंदरात लागत. शहरात जागेची टंचाई असल्याने सरकारचा कल छावण्या शहराबाहेर वसवण्याकडे होता. मुलुंडही तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते; ते बृहन्मुंबईत आले ते 1957 मध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रिकाम्या लष्करी बराकी छावण्यांसाठी कामी आल्या. कल्याणच्या छावणीचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक बिऱ्हाडे राहत.

कायदा व नुकसानभरपाई : मुंबई निर्वासित अधिनियम, 1948 ने नोंदणी सक्तीची केली आणि निर्वासितांनी कोठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. स्वागत होते, पण सरकार सांगेल त्या जागी. 1950 च्या केंद्रीय कायद्यानुसार ‘क्लेम’ (भरपाईचा दावा) मांडता येई तो फक्त मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचा. घर किंवा जमीन असलेल्याची नोंद झाली; दुकानातला माल व येणे असलेली उधारी हिशेबात धरली गेली नाही. ‘भाईबंद’ या सिंधी व्यापारी वर्गाला याची झळ विशेष बसली असावी. 1954 च्या कायद्याने भरपाई देऊ केली. मंजूर क्लेम सरकारी घराच्या किमतीत वळता करून घेता येई. जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करून वर्ग-1 (पूर्ण मालकीच्या) करण्यासाठी राज्याने विशेष अभय योजना आणली ती थेट 2025 मध्ये.

व्यवसाय : लोकलमध्ये व रस्त्यावर पापड, गोळ्या, कापड यांची फेरी. थोड्या नफ्यावर जास्त खप ही रीत. स्थानिक दुकानदारांची कुरकुर होती, असे सांगतात.

धर्म : धर्मबंधू म्हणून निर्वासितांना आसरा दिला पाहिजे, ही भावना व्यापक होती. प्रत्यक्षात आलेल्यांचा धर्म येथील चौकटीत सहज बसणारा नव्हता. अनेक सिंधी हिंदू नानकपंथी, म्हणजे गुरू नानकांना मानणारे. त्यांच्या ‘ठिकाण्या’त (प्रार्थनास्थळात) गुरू ग्रंथसाहिब आणि सिंधींचे दैवत झूलेलाल एकाच छपराखाली, शिवाय सूफी पिरांवर श्रद्धा.

शिक्षण : सिंधहून आलेले हशू अडवाणी यांनी 1962 मध्ये चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली.