आधी इतिहास, मग फरशी

अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, पण इथल्या स्वयंपाकघरात पाणी जायला वाट नसते हे अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. मोरी नाही, जाळी नाही, जमिनीला उतार नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आधी बादलीने पाणी ओतायचं, खराट्याने खसाखसा घासायचं आणि सगळं मोरीकडे ढकलून द्यायचं, की शहाबादी फरशी लख्ख. इथे तसं केलंत तर पाणी सांध्यांतून खाली झिरपतं आणि खालच्या लाकडी फळ्या कुजायला लागतात. घर लाकडाचं, जमीनही लाकडाची. आणि फळ्यांवर फरशी म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा दगड नसतोच, असतं प्लॅस्टिक. त्याला इथे व्हायनिल म्हणतात.

आमचं घर ओहायो राज्यात, ॲक्रनपासून अर्ध्या तासावर. बांधलेलं १९२० च्या दशकात. आमच्या आधी इथे एक आजीबाई चाळीसहून जास्त वर्षं राहिल्या होत्या. त्या गेल्यावर मुलांनी घर विकायला काढलं आणि आम्ही घेतलं. घर छान, फक्त स्वयंपाकघराच्या फरशीला चहाच्या चोथ्यासारखा रंग आला होता. बायकोने आणि मी बाजारातली झाडून सगळी द्रव्यं वापरून पाहिली. पुसलं की दोन तास बरं दिसायचं, मग पुन्हा तोच चिकट, पिवळट तवंग.

त्या उन्हाळ्यात आई वर्ध्याहून आली. पहिल्याच सकाळी तिने फरशीवरून पाय ओढून बघितला आणि म्हणाली, "अरे बाबू, ही फरशी कोणी कधी घासलीच नाही काय?" दुपारी मी ऑफिसातून आलो तर बाईसाहेब तारेची घासणी घेऊन खाली बसलेल्या! मी दारातूनच ओरडलो, "आई, थांब, घासू नको!" तिला वाटलं, पोराला आईची काळजी. काळजी होतीच, पण ती तिच्या गुडघ्यांची नव्हती.

झालं होतं असं की आठवडाभर आधी नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. सिंकखालच्या कपाटात, जिथे पाईप जमिनीत जातो, तिथे फरशीला भोक पाडलेलं असतं. त्या भोकाच्या कडेला घाटातल्या कातळासारखे तीन थर दिसत होते. सगळ्यात वर फुलाफुलांचं पातळ व्हायनिल. त्याखाली काळपट, कडक फरशीचे तुकडे. त्याहीखाली, लाकडाला चिकटलेलं, तपकिरी पुठ्ठ्यासारखं काहीतरी. प्लंबरने मधल्या थराच्या एका तुकड्यावर टेप धरली. नऊ इंच. म्हणाला, "नऊ इंची चौकोन दिसला की हात आवरायचा. यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता फार." आम्ही तपासणी करणाऱ्याला बोलावलं, त्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवला, आणि निकाल आला : आहे.

मी इंजिनियर माणूस. भिंत दिसली की आत काय आहे ते बघायची खोड. पण या वेळी पहिल्यांदाच लक्षात आलं की साधी फरशी पुसायची तरी आधी तिचा इतिहास वाचावा लागतो. तो मी वाचला. खालून वर सांगतो.

तळाचं ते तपकिरी म्हणजे लिनोलियम. याची गोष्ट इंग्लंडमधली. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या तरुणाला १८५५ च्या सुमारास रंगाच्या उघड्या डब्यावर आलेली साय दिसली. ती रबरासारखी लवचीक होती. रंगात जवसाचं तेल असतं. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं, त्याची ती साय. बाकीचे लोक ही साय काढून फेकत असत, याने ती मुद्दाम बनवायची ठरवली. उंच शेडमध्ये कापडं टांगून त्यांच्यावरून जवसाचं तेल पुन्हा पुन्हा ओघळू द्यायचं, त्याची जाड साय जमली की त्यात राळ आणि बुचाचा भुगा घालायचा, आणि ते मिश्रण तागाच्या कापडावर दाबून लाटायचं. १८६३ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल या लॅटिन शब्दांवरून नाव ठेवलं लिनोलियम. पुढे पेटंटची मुदत संपल्यावर स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी गावच्या नेर्न कंपनीने तोच माल त्याच नावाने विकायला काढला. वॉल्टनची कंपनी कोर्टात गेली आणि १८७८ मध्ये हरली. कोर्ट म्हणालं, हा शब्द आता त्या वस्तूचंच नाव झालाय, तुमच्या एकट्याचा राहिला नाही. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच.

हे आईला सांगितलं तेव्हा तिला त्यातला एकच शब्द ऐकू आला. "जवस? चटणीचा?" होय, चटणीचाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला जवस पुरवणाऱ्या मोठ्या देशांत हिंदुस्थान होता, आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा जवस मुंबईहून बोटीने जात असे. पाठीमागचा ताग बंगालचा, तो स्कॉटलंडमध्ये डंडीच्या गिरण्यांत विणला जाई. म्हणजे आपण घरी जमीन शेणाने सारवत होतो आणि आपल्या शेतातल्या मालाने सातासमुद्रापलीकडची स्वयंपाकघरं सारवली जात होती. अमेरिकेत १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर याचा मोठा कारखाना निघाला. भोवती वसलेल्या गावाचं नाव काय, तर लिनोलियमव्हिल! धंदा बसल्यावर १९३० मध्ये गावकऱ्यांनी मत देऊन ते नाव बदलून घेतलं.

मधला थर म्हणजे नऊ इंची चौकोन. त्याच्या आधी थोडं आमच्या ॲक्रनबद्दल. हे रबराचं, टायरांचं शहर. इथे बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ होता. धातूला रबर चिकटवायचा गोंद शोधणं हे त्याचं काम. १९२६ मध्ये त्याने पीव्हीसी हे तेव्हा निरुपयोगी समजलं जाणारं, ठिसूळ प्लॅस्टिक एका उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रवात तापवलं. गोंद काही झाला नाही, पण लवचीक, पाण्याला दाद न देणारा गोळा तयार झाला. मऊ व्हायनिल ते हेच. सांगतात की साहेबाला पटवण्यासाठी त्याने त्याच्या टेबलावरच्या कागदांवर व्हायनिल लावलेलं कापड पसरलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. कागद कोरडे राहिले आणि सेमनची नोकरीही राहिली. हा गृहस्थ १९९९ पर्यंत, शंभर वर्षांचा होईपर्यंत जगला.

१९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात व्हायनिलच्या फरशा लोकांना दाखवल्या गेल्या. पण त्या खऱ्या पसरल्या दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांसाठी भराभर घरं उठत होती, त्यांना स्वस्त फरशी हवी होती. आधी डांबरी आणि मग व्हायनिलच्या, या दोन्ही फरशांत मजबुतीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. जळत नाही, झिजत नाही, महाग नाही. इंजिनियरला आणखी काय हवं? फक्त तो तंतू तुटून हवेत उडाला आणि श्वासातून फुप्फुसात गेला तर तिथेच मुक्काम करतो आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कर्करोग होऊन उठतो. आधी किंमत मोजली ती खाणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांनी. १९८० च्या दशकापर्यंत फरशांतून तो जवळजवळ गेला, पण त्याच्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या प्रकारावर, क्रिसोटाइलवर, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पूर्ण बंदीचा नियम केला तो थेट मार्च २०२४ मध्ये. अखंड, झाकलेली फरशी त्रास देत नाही. ती घासली, तासली, फोडली की त्रास. म्हणून मी दारातून ओरडलो होतो. वरच्या पातळ थराला कुठे चीर आहे आणि तारेची घासणी कुठवर पोचेल, याची खात्री मला नव्हती.

आता सगळ्यात वरचा थर. १९७० च्या दशकात कंपन्यांनी 'मेण लावायला नको' अशा जाहिराती करत गुळगुळीत व्हायनिलचे ताव बाजारात आणले. मेण कशाला लावायचं, हे आपल्याकडच्या वाचकांना कोडं वाटेल. ती एक वेगळीच गंमत. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी सॅम्युएल कर्टिस जॉन्सन १८८६ पासून लाकडी नक्षीच्या फरश्या विकत असे. गिऱ्हाइकं विचारत, हिची निगा कशी राखू? त्याने मेण बनवून दिलं. होता होता मेणच फरशीपेक्षा जास्त खपायला लागलं, आणि फरशीचा धंदा पुढे बंदच झाला. १९३२ मध्ये त्यांनी न घासता आपोआप चमकणारं पातळ मेण काढलं. १९३५ मध्ये त्याचा नातू मेण देणारे कार्नोबा ताड शोधायला विमान घेऊन ब्राझीलला गेला, आणि त्याच वर्षापासून कंपनीच्या पैशावर रेडिओवर एक विनोदी मालिका सुरू झाली, ती घराघरांत ऐकली जाई. चकचकीत फरशी म्हणजे चांगली गृहिणी, हे लोकांच्या मनात बसलं ते असं.

मग 'मेण नको' वाली फरशी आली तरी हात थांबले नाहीत. वर्ष-दोन वर्षांत नवी चमक गेली की बायका दुकानातून ॲक्रिलिकचं पॉलिश आणत. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि दोन थरांमध्ये अडकलेली धूळ, तेलाची वाफ, साबणाचा अंश. आमच्या फरशीवरचा तो चहाचा रंग मळ नव्हताच, निदान नुसता मळ नव्हता. ती चाळीस वर्षांची चमक होती!

जोन व्हॅनेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये हिशेब मांडला होता. अमेरिकेतली पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याला साधारण ५२ तास देत होती, आणि १९६० च्या दशकात, सगळी यंत्रं आल्यावर, साधारण ५५. काम वाचवणाऱ्या वस्तूंनी काम वाचलं नाही, अपेक्षा वाढल्या. आमच्या आजीबाईंची फरशी हा त्याचा पुरावा.

इतिहास कळल्यावर उपाय सोपा झाला. ॲक्रिलिकच्या पॉलिशमधले रेणू जस्ताने एकमेकांना बांधलेले असतात. साबणाने ती गाठ सुटत नाही, अमोनियाने सुटते. व्हायनिलला त्याचं काही होत नाही. मात्र हाच अमोनिया तळाच्या लिनोलियमवर ओतला असता तर सत्यानाश झाला असता, कारण क्षार आणि जवसाचं तेल यांचा शेवटी साबण होतो. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

चिरा आधी टेपने बंद केल्या. खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले. थंड पाण्यात थोडा अमोनिया घालून तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा ओला करायचा, थबथबीत नाही. दहा मिनिटं थांबायचं. पॉलिश दुधाळ झालं की मऊ नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने सोडवायचं, फडक्याने टिपायचं आणि साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. सुकू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा चिकटतं. आणि एक लक्षात ठेवा : अमोनियात ब्लीच कधीही, थेंबभरही मिसळायचं नाही. विषारी वायू होतो.

मी आणि आईने शनिवार-रविवार मिळून फरशी केली. म्हणजे मी केली, ती खुर्चीवर बसून चुकलेले कोपरे दाखवत होती. बादलीत काळपट-पिवळं पाणी यायचं आणि खालून निळी फुलं वर यायची. रंग इतका ताजा की आम्ही दोघंही बघत बसलो.

सिंकसमोर मात्र एक पिवळा आयत काही केल्या निघाला नाही. दोनदा केलं, तीनदा केलं. शेवटी कळलं. रबराच्या तळाची पायपुसणी व्हायनिलवर वर्षानुवर्षं राहिली की रबरातलं रसायन व्हायनिलमध्ये उतरतं. तो डाग वरचा नसतो, आतला असतो. जगातला कुठलाही साबण तो काढू शकत नाही.

आई उठली, त्या आयतावर जाऊन उभी राहिली. हात सिंकपर्यंत बरोबर पोचत होते. म्हणाली, "इथे उभी राहत होती ती बाई." थोडा वेळ गप्प राहिली. "माझ्या ओट्यासमोरची फरशी पण अशीच खोल गेली आहे, तू कधी पाहिली नसशील."

खरं आहे. नव्हती पाहिली.

पुढच्या वर्षी आम्ही त्या तिन्ही थरांवर, काहीही न उचकटता, नवी फरशी घातली. तज्ज्ञही हेच सांगतात, झाकून टाका, छेडू नका. म्हणजे आता चौथा थर आमचा. दिवाळीला वर्ध्याला गेलो तेव्हा सगळ्यात आधी ओट्यासमोरची फरशी बघितली. दोन पावलांएवढी जागा, बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत आणि किंचित खोल. आई म्हणाली, "आता काय बघत बसला? जेवायला बस." मी बसलो. पानात जवसाची चटणी होती.